युद्धकाळातील भाषानिवड आणि तरुण कवी : शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या आरंभीच्या कवितेची पार्श्वभूमी

१

मराठी वाङ्मयेतिहासात शरच्चंद्र माधव मुक्तिबोध (१९२१–१९८४) यांची नोंद सामान्यतः नवकाव्याच्या प्रकरणात होते. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहाने घडविलेल्या स्थित्यंतराची चर्चा आटोपल्यावर विंदा करंदीकरांच्या ‘स्वेदगंगे’च्या (१९४९) शेजारी, त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘नवी मळवाट’चा उल्लेख येतो. कवी मार्क्सवादी आहे, मुक्तछंदाचा वापर करणारा आहे, त्याची वृत्ती आवाहनपर आहे, अशी त्याची ओळख करून दिली जाते. ही ओळख चुकीची नाही. परंतु तिच्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती अशी की ही कविता मराठी भाषकांच्या प्रदेशात, मराठी भाषक समूहाला उद्देशून घडली. प्रत्यक्षात या कवीचा जन्म इंदूरचा, त्याची जडणघडण माळव्यातील. महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो अठरा वर्षांचा होता आणि संपले तेव्हा चोवीस वर्षांचा. कवीच्या आयुष्यातील सर्वांत निर्णायक अशी ही सहा वर्षे ज्या भूमीशी निगडित आहेत, तेथे बाजारातली, शेतातली आणि गिरणीच्या फाटकापुढली भाषा माळवी किंवा हिंदी होती. मराठी ही घराची, पुस्तकाची आणि एका मर्यादित समाजाची भाषा होती.

याच घरातील थोरल्या भावाने याच काळात वेगळा निर्णय घेतला. गजानन माधव मुक्तिबोध (१९१७–१९६४) हिंदीत लिहू लागले आणि १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’मधील सात कवींपैकी एक झाले. त्या सातांत प्रभाकर माचवेही होते. म्हणजे हिंदी कवितेला वळण देणाऱ्या या संकलनातील दोन कवींची मातृभाषा मराठी होती. एकच घर, एकच युद्ध, जवळजवळ एकच विचारप्रणाली आणि दोन भाषा, असा हा प्रसंग तौलनिक साहित्याभ्यासाला अपवादानेच लाभतो. तरीही त्याचा विचार बहुधा चरित्रातील एक कुतूहल म्हणून केला जातो. हिंदी समीक्षा गजाननांच्या मराठीपणाचा उल्लेख प्रास्ताविकात करून पुढे जाते. मराठी समीक्षा शरच्चंद्रांच्या माळव्याचा उल्लेख जन्मस्थळापुरता करते. युद्धकाळातील भाषानिवड हा या दोघांच्या काव्यघडणीचा अंतर्गत घटक होता काय, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

२

‘अल्पसंख्य भाषा’ या संज्ञेबरोबर दुर्बलतेची कल्पना सहजच येते. माळव्यातील मराठीला ती तशीच्या तशी लावता येत नाही. ग्वाल्हेरचे शिंदे आणि इंदूरचे होळकर यांच्या दरबारी व्यवहारात मराठी आणि मोडी लिपी दीर्घकाळ नांदली. तिच्याबरोबर कारकून, शास्त्री, शिक्षक, अंमलदार यांची कुटुंबे या प्रदेशात स्थिरावली. मुक्तिबोधांचे घराणेही खानदेशातून ग्वाल्हेर संस्थानात आलेले. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात अधिकारी. म्हणजे येथील मराठी संख्येने अल्प असली तरी तिच्यामागे सत्तेची स्मृती होती. ज्या लोकांमध्ये ती बोलली जाई, त्यांच्या दृष्टीने ती हुकुमाची भाषाही होती.

या प्रदेशाने मराठीला एक समृद्ध काव्यपरंपराही दिली होती. भास्कर रामचंद्र तांबे हे ग्वाल्हेरचे राजकवी. त्यांच्या गीतातील नादमयता, प्रणयाची प्रसन्न आणि पुढे मृत्यूची गंभीर छटा यांचा ठसा दोन पिढ्यांवर उमटला. माळव्यात राहून मराठीत कविता लिहू पाहणाऱ्या तरुणापुढे हाच आदर्श स्वाभाविक होता. तांबे डिसेंबर १९४१ मध्ये वारले. त्याच महिन्यात जपान युद्धात उतरला आणि युरोपातले युद्ध आशियाचे झाले. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध अर्थातच नाही. पण मध्य भारतातील मराठी कवितेचा एक अध्याय संपला आणि ज्या जगात ती कविता शक्य होती ते जगही त्याच सुमारास हलू लागले, एवढे म्हणता येते. राजाश्रयाच्या छायेतले गीत पुढे चालविणे हा एक मार्ग होता. शरच्चंद्रांनी तो घेतला नाही. भाषा तीच ठेवून त्यांनी तिचा आश्रयदाता बदलला. राजाच्या जागी जनता आली. अडचणही नेमकी येथूनच सुरू होते, कारण त्या जनतेची भाषा मराठी नव्हती.

३

माळव्यावर बाँब पडले नाहीत. युद्ध तेथे आले ते वृत्तपत्रे, नभोवाणी, महागाई, धान्याची चणचण आणि कागदाची टंचाई या वाटांनी. २२ जून १९४१ रोजी जर्मनीने सोव्हिएत रशियावर आक्रमण केल्यानंतर मार्क्सवादाकडे वळलेल्या भारतीय तरुणांपुढे पेच उभा राहिला. फॅसिझमविरुद्धचे युद्ध हे लोकयुद्ध मानावे, तर ऑगस्ट १९४२ मध्ये देशातील लोक ज्या सत्तेविरुद्ध उठले तिच्याच बाजूला जाऊन बसावे लागते; देशाच्या उठावात सामील व्हावे, तर फॅसिझमच्या पराभवाचा प्रश्न दुय्यम ठरतो. त्यानंतर १९४३ मध्ये बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली आणि रणांगणापासून दूर असलेला माणूसही युद्धाचा बळी असतो, हे उघड झाले. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न त्या तरुणांच्या दृष्टीने पुस्तकी उरला नव्हता.

मराठी कवितेने या काळाला दिलेले प्रतिसाद एकसारखे नाहीत. कुसुमाग्रजांच्या ‘विशाखे’त (१९४२) स्वातंत्र्याकांक्षेला छंदोबद्ध आणि तेजस्वी रूप मिळाले. विदर्भातील कवी अनिल (आ. रा. देशपांडे) यांच्या १९४३ मधील ‘निर्वासित चिनी मुलास’ या दीर्घ कवितेने युद्धाने उन्मळून पडलेल्या परदेशी बालकाला थेट संबोधले, आणि त्यासाठी मुक्तछंद वापरला. ही रूपाची निवड अर्थपूर्ण आहे. ज्याच्याशी बोलायचे तो आपली भाषा जाणत नाही, अशा श्रोत्यासाठी कवीने गेय वृत्त बाजूस ठेवले आणि बोलण्याची लय स्वीकारली. वृत्ताचा आनंद समान परंपरेवर अवलंबून असतो. संबोधनाला मात्र समोर माणूस असणे पुरते. मुक्तछंदाचे मराठीतील समर्थन प्रायः आविष्काराच्या स्वातंत्र्याच्या अंगाने झाले आहे. युद्धकाळात त्याला आणखी एक प्रयोजन मिळाले होते, ते परक्या श्रोत्याशी बोलण्याचे.

शरच्चंद्रांच्या मुक्तछंदाकडे या दृष्टीने पाहिले असता तो केवळ आधुनिकतेची खूण राहत नाही. त्यांच्या आरंभीच्या कवितेत संबोधन हे रचनेचे प्रमुख तत्त्व आहे. वाक्ये लांब आहेत, ती श्रोत्याला बरोबर घेऊन पुढे सरकतात, आणि व्यक्तीच्या वेदनेपासून समूहाच्या आशेपर्यंत जाण्याची धडपड करतात. येथे मराठीचे एक व्याकरणिक वैशिष्ट्य लक्षात घ्यावयास हवे. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’ श्रोत्याला वगळते, ‘आपण’ त्याला सामावून घेते. बोलींतील ‘अपन’ सोडल्यास हिंदीच्या साहित्यिक भाषेत हा भेद नाही. ‘हम’ दोन्ही अर्थ वाहते आणि निवड अनिर्णित ठेवू देते. समूहाच्या वतीने बोलू पाहणाऱ्या मराठी कवीला ही सवलत नाही. त्याने ‘आम्ही’ म्हटले तर तो एका गटाचा प्रवक्ता होतो, ‘आपण’ म्हटले तर समोरच्याच्या संमतीचा दावा करतो. उज्जैनच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माळवी शेतकऱ्याला मराठीतील ‘आपण’मध्ये सामावून घेणे म्हणजे ज्याला ते ऐकूच जाणार नाही त्याच्याशी नाते जाहीर करणे होय. या कवितेतील ‘जन’ पुष्कळदा अमूर्त वाटतो, त्याला चेहरा, गाव, धंदा, बोली लाभत नाही, असा आक्षेप घेता येतो आणि तो निराधार नाही. त्याचे कारण केवळ मार्क्सवादी पोथीनिष्ठेत शोधणे पुरेसे नाही. ज्या माणसांना कवी प्रत्यक्ष पाहत होता त्यांचा आवाज त्याच्या काव्यभाषेत उतरू शकत नव्हता, आणि ज्यांच्या भाषेत तो लिहीत होता ते मराठी भाषक कष्टकरी त्याच्या अवतीभोवती नव्हते. अमूर्तता हे या अंतराचे दृश्य रूप आहे.

या संदर्भात संग्रहाचे शीर्षकही पाहण्यासारखे आहे. मळवाट म्हणजे असंख्य पावलांनी मळलेली, रुळलेली वाट. ती एकट्याने तयार करता येत नाही आणि तिला नवी म्हणणे हा वदतोव्याघातच. ‘नवी वाट’ म्हटले असते तर ती अग्रणीची, एकट्या साहसी माणसाची झाली असती. ‘नवी मळवाट’ या शब्दयोजनेत मात्र, अजून न चाललेल्या पावलांची गृहीत धरलेली साथ आहे. पुढील संग्रहाचे नाव ‘यात्रिक’ (१९५७) आहे. वाटेकडून वाटसरूकडे, समूहाकडून एकट्या चालणाऱ्याकडे झालेले हे सरकणे अपेक्षाभंगाचे द्योतक मानण्याची प्रथा आहे. त्यात युद्धकाळातील प्रश्नाचे प्रामाणिक उत्तरही पाहता येईल: साथ गृहीत धरता येत नाही, चालणे मात्र थांबविता येत नाही.

४

थोरल्या भावाच्या निवडीकडे पाहिल्यास प्रश्नाची दुसरी बाजू दिसते. गजाननांनी आपल्या आईविषयी लिहिताना तिने आपल्याला प्रेमचंदांचे भक्त बनविले असे म्हटले आहे. त्या माऊलीला हरिभाऊ आपटेही तितकेच प्रिय होते. घरातच दोन भाषांचे वाङ्मय एकमेकांशेजारी होते. शुजालपूरच्या शारदा शिक्षा सदनातील अध्यापनाच्या दिवसांत नेमिचंद्र जैन यांच्या सहवासात बर्गसाँकडून मार्क्सकडे त्यांचा प्रवास झाला, आणि ‘तार सप्तक’मधील वक्तव्यात त्या मानसिक संघर्षाच्या खुणा आढळतात. हिंदी निवडल्यामुळे संबोधनाचा प्रश्न सुटला, असे वरवर वाटते. पण त्यांची हिंदी ही सहज प्रवाही, जनप्रिय हिंदी नव्हे. तत्समप्रचुर समास, खडबडीत लय, मराठी वळणाची शब्दयोजना, वाक्याचा ताण या गोष्टी हिंदी समीक्षकांनीही नोंदविल्या आहेत. बहुसंख्यांच्या भाषेत शिरूनही ते तिच्यात पाहुण्याच्या सावधपणाने आणि पाहुण्याच्या धिटाईने वावरतात.

झिल दलझ आणि फेलिक्स ग्वातारी यांनी काफ्कावरील १९७५ च्या ग्रंथात मांडलेली ‘लघुसाहित्या’ची संकल्पना तौलनिक अभ्यासकांना परिचित आहे. ती वापरताना एक गल्लत वारंवार होते. त्यांच्या मते लघुसाहित्य म्हणजे अल्पसंख्य भाषेतील साहित्य नव्हे. अल्पसंख्य समूहाने मोठ्या भाषेत निर्माण केलेले साहित्य. प्रागमधील यहुदी काफ्काची जर्मन हे त्याचे उदाहरण. या काटेकोर अर्थाने पाहता मुक्तिबोध बंधूंपैकी लघुसाहित्याचा कर्ता ठरतो तो हिंदीत लिहिणारा गजानन. मराठीत लिहिणाऱ्या शरच्चंद्राचे वर्णन ही संकल्पना करू शकत नाही. त्याची भाषा त्याच्या परिसरात अल्पसंख्य होती, पण दूरवर, सातपुड्याच्या दक्षिणेस, तिचा मोठा भाषकसमाज, तिची मासिके, प्रकाशक आणि समीक्षा होती. तो अल्पसंख्यही होता आणि नव्हताही. भाषेचे केंद्र एकीकडे आणि अनुभवाचे केंद्र दुसरीकडे, ही त्याची स्थिती. भारतीय भाषांच्या संदर्भात ही स्थिती अपवादात्मक नाही; तिच्यासाठी वेगळी संज्ञा आवश्यक आहे.

याच काळातील स्कॉटलंडचे उदाहरण येथे उपकारक ठरते. राझी बेटावर जन्मलेले सॉर्ली मॅक्लीन (१९११–१९९६) यांनी इंग्रजी आणि गेलिक अशा दोन्ही भाषांत लिहून पाहिल्यावर गेलिकची निवड केली. ते उत्तर आफ्रिकेच्या रणभूमीवर लढले आणि १९४२ मध्ये एल अलामेन येथे गंभीर जखमी झाले. त्यांचा ‘डान दो एव्हिर’ हा संग्रह १९४३ मध्ये, म्हणजे ‘तार सप्तक’च्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. तेही समाजवादी, तेही फॅसिझमविरोधी, तेही अल्पसंख्य भाषेचे कवी. परंतु मॅक्लीन यांची गेलिक ही जमिनीवरून हुसकून लावलेल्या कुळांची भाषा होती. तिच्यात लिहिणे आणि पीडितांच्या बाजूने उभे राहणे या दोन कृती एकमेकींना बळ देत. माळव्यातील मराठीत असा मेळ नव्हता. तेथे पीडितांच्या बाजूने उभे राहायचे तर आपल्या भाषेला चिकटलेल्या सत्तेच्या स्मृतीविरुद्ध लिहावे लागे. दोन्ही कवींची विचारसरणी सारखी, काळ सारखा, भाषिक संख्याबळाची स्थितीही बाह्यतः सारखी. पण एकाची भाषा त्याच्या राजकारणाची साक्षीदार होती, दुसऱ्याच्या भाषेला ती साक्ष कमवावी लागली. अल्पसंख्य भाषेतील युद्धकाळाच्या कवितेची तुलना करताना केवळ संख्येचे प्रमाण पाहणे किती अपुरे आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

५

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. शरच्चंद्रांनी मराठी निवडली ती सवयीने, घरच्या संस्काराने. तीत काव्यविषयक निर्णय पाहणे म्हणजे योगायोगाला तत्त्वाचा दर्जा देणे नव्हे काय? आक्षेप रास्त आहे, पण अपुरा आहे. थोरल्या भावाने दुसरी भाषा निवडल्याचे डोळ्यांपुढे असताना मातृभाषेतच राहणे ही निव्वळ सवय उरत नाही. शिवाय निर्णयाचे मोल त्याच्या हेतूवरून जितके, तितकेच त्याच्या परिणामांवरून ठरते. ‘क्षिप्रा’ (१९५४), ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) या कादंबऱ्यांत शरच्चंद्र पुन्हा माळव्याकडे वळले. कवितेतील ‘जन’ला जे गाव आणि जे चेहरे लाभले नव्हते, ते गद्याने मिळवून दिले. उज्जैनच्या नदीचे नाव धारण करणारी कादंबरी मराठीत यावी, यामागे युद्धकाळात अपुऱ्या राहिलेल्या संवादाची जाणीव असणे शक्य आहे. कादंबरी दुसऱ्यांच्या बोलण्याला जागा देऊ शकते; आवाहनपर कवितेला ते जमत नाही.

अधिक महत्त्वाचा परिणाम समीक्षेत दिसतो. १९७९ च्या साहित्य अकादमी पुरस्काराचा मान लाभलेल्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथात आणि इतरत्र शरच्चंद्रांनी साहित्याच्या मूल्यविचारात ‘मानुषता’ ही संकल्पना केंद्रस्थानी आणली. केवळ सौंदर्याच्या निकषावर साहित्याचे मोल ठरत नाही, माणूसपणाचा शोध हे त्याचे अंगभूत मूल्य आहे, अशी ही भूमिका. दलित साहित्याच्या स्वरूपाची चर्चा करतानाही त्यांनी त्याच अंगाने विचार केला आणि प्रस्थापित रसिकतेबाहेरच्या माणसाच्या जाणिवेला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली. या संकल्पनेची उपपत्ती मार्क्सच्या आरंभीच्या लेखनाशी जोडली जाते आणि ते योग्यच आहे. तिची एक मुळी मात्र माळव्यात असावी. ज्या तरुण कवीला आपल्या भाषकसमूहाबाहेरील माणसांशी नाते सांगायचे होते, त्याला ते भाषेच्या, प्रांताच्या किंवा जातीच्या आधारे सांगता येत नव्हते. उरत होते ते माणूसपण. कवितेत जी अमूर्तता दोष ठरली, ती विचारात मूल्य म्हणून स्थिरावली, असे म्हणता येईल.

६

स्वातंत्र्यानंतर दोघे भाऊ नागपुरात होते. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची ती राजधानी. हिंदी आणि मराठी या दोन्ही तेथे राज्यकारभाराच्या भाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने नागपूर मुंबई राज्यात गेले. १९५८ मध्ये गजानन राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात रुजू झाले. शरच्चंद्रांचे पुढील आयुष्य नागपुरात गेले. दोन भावांच्या मधून एक राज्यसीमा गेली. ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ हा थोरल्याचा पहिला संग्रह निघाला तो १९६४ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी. त्यानंतर हिंदीने त्याला आधुनिक कवितेच्या मध्यभागी बसविले. धाकट्याला मराठीने आदर दिला, पुरस्कार दिला, परंतु त्याच्या कवितेचा भूगोल विसरून तो दिला.

हा विसर केवळ एका कवीपुरता मर्यादित नाही. ज्या लोहमार्गावर राजनांदगाव आहे त्याच मार्गावर पुढे दुर्ग, भिलाई आणि कुम्हारी आहेत. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता; पुढे रेल्वे, शाळा, कचेऱ्या आणि १९५० च्या दशकात उभा राहिलेला पोलाद कारखाना यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येऊन राहिली. आजूबाजूला छत्तीसगढी आणि हिंदी, घरात मराठी, ही स्थिती येथील मुलांना अनोळखी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा दर्जा भाषेच्या प्राचीनतेची दखल घेतो. राज्यसीमेबाहेर तिच्यात लिहिणाऱ्याचा श्रोता कोण, या प्रश्नाला तो स्पर्श करीत नाही. अशा लेखकाला ‘बृहन्महाराष्ट्रा’च्या आपुलकीने जवळ घेणे सोपे आहे. त्याचा अनुभव दुसऱ्या भाषेच्या मुलखातला आहे, त्यामुळे त्याची मराठी वेगळी असणार आणि कधी अवघडलेलीही असणार, हे मान्य करून त्याला वाचणे अधिक कठीण.

‘नवी मळवाट’ तशी वाचली गेली तर तिच्यातील अवघडलेपणा हा युद्धकाळातील एका तरुणाने दिलेला पुरावा ठरतो. त्याने ज्यांना ‘आपण’ म्हटले ते त्याची भाषा जाणत नव्हते, हे त्याला ठाऊक होते. आणि तरीही त्याने ‘आम्ही’कडे माघार घेतली नाही. कवितेच्या यशापयशाचा हिशेब मांडताना हा धोका त्याने पत्करला होता, एवढे तरी जमेच्या बाजूला मांडावे लागेल.